कुणाला बोलवायचं

१

रेडिओवरच्या माणसांना पाय नसतात. ते मी लावते.

'बारा दारं' ही आमची श्रुतिका रोज दुपारी, लोक जेवायला बसायच्या वेळेला लागायची. एक जुनाट इमारत, तिच्यातली बारा बिऱ्हाडं, त्यांची भांडणं, सोयरिकी, चोऱ्यामाऱ्या. नट हातात कागद धरून मायक्रोफोनसमोर उभे राहायचे आणि मी त्यांच्या मागे, जमिनीवर मांडलेल्या माझ्या संसारात चालत असायचे. थोड्या फळ्या, थोडी फरशी, खडीची एक उथळ पेटी आणि चौकटीत बसवलेलं कमरेएवढं दार. पात्रागणिक चाल वेगळी, म्हणून पात्रागणिक चपला-बूट वेगळे. त्या जोडांनी एक अख्खं कपाट भरलं होतं. माझं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवायचं. एरवी मी ठकठकताई.

श्रुतिकेतलं सगळ्यांचं लाडकं पात्र म्हणजे जिन्याखालची काकू. कुणीही जिना चढायला लागलं की ती लाकडी तळव्यांच्या चपला वाजवत बाहेर यायची आणि कमरेवर हात ठेवून विचारायची, "कुणाकडे?" उत्तर मिळालं की दुसरा प्रश्न, "काय काम काढलंत?" दोन्ही उत्तरं पटल्याशिवाय तिनं आजवर कुणाला वर सोडलं नव्हतं. गावातली शेंबडी पोरंसुद्धा तिची नक्कल करायची. काकूचा आवाज आक्कांचा. आक्का सत्तरीच्या, अंगानं काटकुळ्या, आणि आवाज असा की आंधळ्यानं ऐकला तर रस्ता सोडून बाजूला व्हावं.

त्या दिवशीचं ध्वनिमुद्रण संपलं, नट गेले. मुद्रण परत ऐकायचं काम माझं. शेवटच्या प्रसंगात काकू आपल्या खोलीत जाते, कडी लावते, संपलं. मी कानाला हेडफोन लावून ऐकलं. काकू गेली. कडी लागली. आणि त्यानंतर लाकडी चपलांची आणखी दोन पावलं आली, मग कुणीतरी थांबून श्वास घेतल्यासारखं काहीतरी.

कडी वाजवल्यावर मी चपला काढून हातात घेतल्या होत्या. मला पक्कं आठवत होतं, कारण त्यातली एक बोटाला चावली होती.

प्रतिध्वनी म्हणावा, तर आमच्या खोलीच्या भिंतींना जाड कापड आणि भोकाभोकांचे तक्ते होते. तिथं टाळी वाजवली तरी हातातच मरायची. शेवटी मी स्वतःची समजूत घातली की यंत्र म्हातारं झालंय. तेवढा तुकडा कापून टाकला आणि डबा उघडला. भूक मेली वगैरे काही झालं नाही. चांगलं पोटभर जेवले.

२

गावात तापाची साथ होती. माणसं जात होती हे ठाऊक होतं. गेलेली माणसं उठून चालायला लागलीत, हे मात्र आम्हाला आमच्याच बातम्यांतून कळलं. निवेदकानं ते वाक्य एकदा वाचलं, थांबला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पुढच्या बातमीपत्राला तो आला नाही.

त्या सकाळी इमारतीत आम्ही चौघं होतो. मी, आक्का, श्रुतिकेचा लेखक आणि कॅप्टनचं काम करणारा नट. खाली आरडाओरडा ऐकून नट म्हणाला की तो फक्त स्कूटर आत घेऊन येतो. गळ्यातला मफलर नीट करत गेला तो गेलाच. मग लेखकानं खाली धावत जाऊन शटर ओढलं.

आमचं केंद्र दुसऱ्या मजल्यावर, वर फक्त गच्ची. यंत्रांच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडायची. तिथून मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यांबद्दल मला विचारू नका. मी आधी पाय बघते, ती सवयच आहे. ते पाय घासत चालत होते. माणूस कितीही दमलेला असो, आजारी असो, त्याची टाच आधी टेकते आणि मग चवडा. यांच्या चालण्यात टाच नव्हती. नुसतं खरड, खरड, खरड. शेकडो पाय आणि एकालाही ताल नाही. त्या आवाजानं माझ्या दातांतून कळ गेली.

ते आवाजाकडे जात. कुत्रं भुंकलं की कुत्र्याकडे. कुठे भांडं पडलं की तिकडे. म्हणून अख्खं गाव तोंड दाबून बसलं होतं.

आणि आमच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, प्रसूतिगृह होतं.

माझी धाकटी बहीण तिथं होती. आदल्या दिवशी तिला मुलगी झाली होती. मी संध्याकाळी बघायला जाणार होते. आता ती समोरच्या खिडकीत उभी होती, माझ्याच उंचीवर, कापडात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून. फोन चालू होता तोवर बोलणं झालं. ती म्हणाली की खालच्या काचेच्या दाराला पलंग लावलेत, सगळ्या बायका आपापल्या पोरांना सारख्या पाजतायत, नर्स खोलीखोलीतून फिरून पोरांच्या तोंडाशी हात धरते. पण एकाला गप्प केलं की दुसरं सुरू होतं.

"ताई, ह्यांना कसं सांगू गं गप्प बसा म्हणून?" ती म्हणाली. मग फोन मेला.

खाली काचेच्या दारापाशी ते दाटीवाटीनं उभे राहायला लागले होते.

३

आमच्या गच्चीवर एक भोंगा होता. निवडणुकीचे निकाल रस्त्यावरच्या गर्दीला ऐकवायला लावलेला, नंतर कुणी काढला नव्हता. आक्कांना तो आठवला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मायक्रोफोन चालू करा, आवाज करा, ते सगळे समोरून हलून आपल्याकडे येतील.

लेखक म्हणाला की हीच तर अडचण आहे, ते आपल्याकडे येतील.

"आपण तिघांनी पुष्कळ खाल्लं-प्यायलंय," आक्का म्हणाल्या. "तिथली कालची आहेत."

वीज फोनबरोबरच गेली होती. लेखकानं जनरेटर सुरू केला. मायक्रोफोनवरचा लाल दिवा लागला. कपाटातला सगळ्यांत खणखणीत जोड काकूच्या लाकडी चपलांचा. मी तो पायात घातला आणि फळ्यांवर चालायला लागले. भोंग्यातून रस्त्याला ऐकू गेलं, ठाक, ठाक, ठाक. खिडकीपाशी उभा राहून लेखक सांगत होता. वळले. काही वळले. येतायत. पुष्कळ येतायत.

शटर थोडा वेळ टिकलं. मग खालून पत्रा फाटल्याचा आवाज आला आणि जिन्यावर खरड सुरू झाली.

आक्कांनी हातानं खूण केली, बस. मी थांबले. चपला काढल्या. लाल दिवा बंद केला.

ठाक, ठाक चालूच राहिलं.

लेखक कुजबुजला की भोंग्यात आवाज अडकतो कधी कधी. मी भोंग्याची वायर उपटली. तरी चालूच. आवाज आता गच्चीवरून येत नव्हता. तो आमच्या दाराबाहेर होता, तिथून कॉरिडॉरमध्ये गेला, तिथून जिन्याच्या तोंडाशी. चाल माझीच होती. डावा पाय किंचित ओढलेला, काकूचा गुडघा दुखतो म्हणून मीच तसं ठरवलं होतं. चपला माझ्या हातात होत्या.

मग जिन्यावरून आवाज आला.

"कुणाकडे?"

मी आक्कांकडे पाहिलं. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट धरलं होतं.

खरड थांबली.

आमच्या दाराला टिचभर जाड काच होती. मी डोळा लावला. जिन्याच्या वळणापर्यंत ते ठासून भरले होते आणि सगळ्यांच्या माना खाली होत्या. प्रश्नाचं उत्तर येत नसलेल्या माणसांच्या असतात तशा. सगळ्यांत पुढे मफलरवाला नट होता. त्याचा जबडा हलत होता, काहीतरी आठवत असल्यासारखा, पण शब्द येत नव्हता. आणि त्यांच्या व आमच्यामध्ये, दिवा नसलेल्या त्या कोपऱ्यात, पाठमोरं काहीतरी उभं होतं. रुंद. कमरेवर हात ठेवलेलं.

मी डोळा काढून घेतला. पुन्हा बघायची हिंमत झाली नाही.

४

माझं डोकं ठिकाणावर होतं, हे सांगून ठेवते. मी स्वतःला पुष्कळ समजावलं. मेलेली माणसं जिन्यावर थांबली, त्याला शंभर कारणं असतील. पायऱ्या चढताना अडखळली असतील. आवाज बंद झाल्यावर थांबली असतील. पण चपला तोवर टेबलावर ठेवलेल्या होत्या, आणि बाहेर मधूनच कुणीतरी लाकडी पाय बदलल्याचा आवाज यायचा. उभं राहून अवघडल्यावर माणूस बदलतो तसा.

यंत्रांच्या खोलीतून समोर पाहिलं तर निम्मे अजून तिथंच होते. पोरं रडतच होती. आमच्या जिन्यावरचे पुढे येत नव्हते आणि मागेही जात नव्हते. म्हणजे एक काकू पुरणार नव्हती.

मग आम्ही कपाट उघडून बसलो आणि कुणाला बोलवायचं यावर वाद घालायला लागलो. आज आठवलं तर हसू येतं, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. आक्कांनी एकच अट घातली. काकू बाहेर आली ती श्रुतिकेत जे करते तेच करायला. म्हणजे जो येईल तो आपल्या गुणांसकट येईल आणि खोडींसकटही. तेव्हा नीट विचार करून बोलवा.

दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर लगेच बाद झाले, त्यांच्या औषधानं तीन वर्षांत कुणी बरं झालं नव्हतं. वकील पहिलं वाक्यच संपवत नसत. चार नंबरमधली सुंदर मुलगी आली तर सगळे तिच्या मागे लागतील असं लेखक म्हणाला. आक्का म्हणाल्या की मग ती बिचारी कुठे जाईल, आपण काय बायकांना पुढे करणारे आहोत का. पहिलवान होता, पण तो आईला विचारल्याशिवाय घराबाहेर पडत नसे आणि त्याच्या आईला लेखकानं गेल्या वर्षी मारून टाकलं होतं.

"कॅप्टन," लेखक म्हणाला. मघापासून तो तेच म्हणायची वाट बघत होता.

कॅप्टन तिसऱ्या मजल्यावर राहायचा. संकट आलं की काठी घेऊन, नाल ठोकलेले बूट आपटत जिना उतरायचा आणि गुंडांची टोळी लोळवून परत यायचा. लेखकाचा त्याच्यावर फार जीव. आम्हालाही पटलं. पटणारच, शूर माणूस कुणाला नको असतो?

मी बूट चढवले. लाल दिवा. खणण, खणण. मी थांबल्यावर बूट पुढे गेले, जिना उतरले, काकूनं त्यांना "कुणाकडे" विचारलं नाही कारण ते उतरणारे होते. रस्त्यावरची गर्दी थोडी दुभंगली, वाऱ्यानं गवत दुभंगतं तशी, आणि त्या वाटेनं बुटांचा आवाज सरळ निघून गेला. प्रसूतिगृहावरून. चौकातून. लांब लांब होत बंद झाला.

आम्ही खिडकीत उभे राहिलो. गर्दी पुन्हा मिटली.

लेखक खाली बसला.  म्हणाला, "मारामारी मी कधी लिहिलीच नाही. तो जायचा आणि परत येऊन सांगायचा."

५

ऊन कलायला लागलं तेव्हा तो परत आला.

नाल ठोकलेले बूट जिना चढून वर आले. वाटेत काकूचा प्रश्न आणि त्यावर पुटपुटलेलं उत्तर, दोन्ही आम्ही ऐकली. बूट कॉरिडॉरमधून येऊन दारापाशी थांबले. दारावर काठीचे तीन ठोके पडले.

"उघडा," कॅप्टनचा आवाज म्हणाला. "काय सांगू तुम्हाला, असा सामना रंगला!"

तो भरदार आवाज ज्याच्या गळ्यातला, तो नट काचेतून मला दिसत होता. वळणावर, मान खाली घालून, ओठ लोंबत. आवाज त्याच्याकडून येत नव्हता. दाराच्या अगदी पलीकडून येत होता, आणि काचेतून तिथं कुणी दिसत नव्हतं.

आवाजानं सांगायला सुरुवात केली. चौकात कसं गाठलं, एकेकाला कसं उचलून आपटलं. लेखक एकदम रडायलाच लागला. नंतर त्यानं सांगितलं की ती वाक्यं पुढच्या भागासाठी त्याच्या मनात जुळत होती, कागदावर अजून उतरलीही नव्हती. ऐकता ऐकता तो उठला आणि त्याचा हात कडीकडे गेला. स्वतःचा मुलगा दाराबाहेर उभा असावा तसं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं.

आक्कांनी त्याचं मनगट धरलं. दाराला तोंड लावून त्यांनी शांतपणे विचारलं, "कॅप्टन, समोरची पोरं सुटली का?"

पलीकडे बूट जागच्या जागी हलले.  मग तोच आवाज, पण आता त्यात एक पोकळी होती, रिकाम्या मडक्यात बोलल्यासारखी.

"ते उद्या सांगतो."

बूट वळले आणि जिना चढून वर गेले. मग आमच्या डोक्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणीतरी बूट काढल्याचा आणि खाटेवर आडवं झाल्याचा आवाज आला. तिसऱ्या मजल्यावर.

आमच्या इमारतीला तिसरा मजला नाही.

आम्ही तिघं छताकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात समोरून कडाड असा आवाज झाला. प्रसूतिगृहाच्या काचेच्या दाराला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. खिडकीत धाकटी नव्हती. तिनं बाळाला आतल्या कुठल्यातरी खोलीत नेलं असणार. मी तसंच समजून घेतलं. दुसरं काही समजून घेतलं असतं तर माझ्यानं उभं राहवलं नसतं.

लेखकानं जनरेटरच्या टाकीत काठी घालून पाहिली. जेमतेम तळ ओला होता.

६

मी कपाटातल्या सगळ्यांत खालच्या फळीवरून कॅनव्हासचे पांढरे बूट काढले.

"हे कुणाचे?" लेखकानं विचारलं.

ते त्याला माहीत नसणं साहजिक होतं. श्रुतिकेतल्या इमारतीशेजारी एक शाळा होती आणि सकाळचा प्रसंग असला की तो कागदावर एवढंच लिहायचा, 'लांबून शिट्टी'. तेवढ्यावर मला करमेना. शिट्टी आहे म्हणजे ती वाजवणारा आहे. म्हणून मी त्याला पाय दिले. कवायतीचे मास्तर. त्यांना नाव नव्हतं, आवाज नव्हता, एक ओळ संवाद नव्हता. बाकीचे नट पुढे बोलत असायचे आणि मागे, कुणाचं लक्ष जाणार नाही इतक्या हळू, माझे मास्तर मैदानावरून मुलांची रांग घेऊन जायचे. मी त्यांना एक लकब दिली होती. थोडं चाललं की ते थांबायचे. मागे पडलेलं पोर रांगेत येईपर्यंत थांबायचे, आणि मगच पुढचं पाऊल. हे का दिलं ते मला सांगता येणार नाही. त्यांची चाल तशी असावी असं वाटलं, बस.

मी हे सगळं दोघांना सांगितलं. लेखक म्हणाला की गावाच्या जिवावर बेतलंय आणि तू एक मुका मास्तर काढतेस. आक्का म्हणाल्या, "त्याच्या खोडी सांग."

मी विचार केला. "एकच," मी म्हणाले. "कुणाला मागे सोडत नाहीत."

"मग घाल बूट," आक्का म्हणाल्या.

लाल दिवा लागला. मी खडीच्या पेटीत उतरले. चर्र, चर्र, चर्र. थांबा. चर्र, चर्र. लेखकानं भोंग्याची वायर पुन्हा जोडली होती. एरवी ती शिट्टी मी रुमालात धरून फुंकायचे, लांबची वाटावी म्हणून. आता रुमाल टाकला आणि छातीत होती तेवढी हवा घालून फुंकली. एक लांब. दोन आखूड.

जनरेटरनं आचका दिला. लाल दिवा विझला. मी पेटीतून बाहेर आले, बूट काढले आणि अनवाणी उभी राहून ऐकत राहिले.

काही नाही. जिन्यावर खरड नाही, ठाक नाही. छत गप्प. आपल्याच कानातलं रक्त ऐकू येतं तेवढी शांतता.

मग खालून, रस्त्यावरून, चर्र. चर्र. चर्र.

आमच्या रस्त्यावर खडी नाही.

आणि शिट्टी वाजली. एक लांब, दोन आखूड. माझ्यापेक्षा कितीतरी छान.

जिन्यावर हालचाल झाली. मी काचेला डोळा लावला. मफलरवाल्या नटानं मान वर केली. सगळे जिन्याच्या खालच्या बाजूला वळले, आणि त्यानं एक हात उचलून समोरच्याच्या खांद्यापासून हातभर अंतर घेतलं. त्याच्या पुढच्यानं घेतलं, त्याच्या पुढच्यानं घेतलं. असा तो जिना पायरीपायरीनं सरळ झाला. मग ते उतरायला लागले.

आम्ही खिडकीकडे धावलो. प्रसूतिगृहाच्या दारापासून गर्दी सुटत होती. रस्त्याच्या मधोमध रांगा लागत होत्या, उंचीप्रमाणे, बुटके पुढे, उंच मागे. कुणी त्यांना सांगत नव्हतं. गल्ल्यांमधून आणखी येत होते आणि आपापली जागा शोधत होते. पुन्हा शिट्टी झाली आणि सगळे एकदम चालायला लागले.

आणि मी टाच ऐकली.

आधी इकडेतिकडे, चुकार. मग रांगेरांगेत. मग अख्ख्या रस्त्यावर एकच पाऊल पडायला लागलं. डावा, उजवा, डावा, उजवा. खिडकीची काच थरथरत होती. आयुष्यभर मी फळ्यांवर नाचून दोन पायांची दहा माणसं करत आले, आणि इथं हजारो पायांचं एक माणूस झालं होतं. माझ्या अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. आक्का खिडकीच्या गजावर बोटांनी ताल धरून उभ्या होत्या. लेखक पाय आपटत होता, त्याला ते कळतही नव्हतं.

चौकाशी रांग थांबली. सगळी. एकाच वेळी.

मागे, आमच्या दारासमोर, एक बाई राहिली होती. तिचे पाय कामातून गेले होते, ती हातांवर सरपटत होती. तिला चौकापर्यंत पोचायला खूप वेळ लागला. तेवढा वेळ कुणी हललं नाही. रांगेच्या अगदी पुढे, वळणावर, कलत्या उन्हात धूळ उडत होती आणि त्या धुळीत पांढरे बूट दिसले. नुसते बूट नव्हते, वर काहीतरी होतं. उन्हाकडे पाठ करून, मागे वळून बघणारं. मी डोळ्यांवर हात धरला, तोवर धूळ दाटली.

बाई रांगेत पोचली. शिट्टी झाली. ते निघाले.

पूल ओलांडताना त्यांचा आवाज पोकळ झाला, पलीकडे मातीवर गेल्यावर जाड झाला. पुलापल्याड दगडाच्या खाणी आहेत, खोल, कधीच्या बंद पडलेल्या. आवाज तिकडे उतरत गेला. मग शेवटची शिट्टी आली, लांबून, रुमालात धरल्यासारखी. त्यानंतर हजारो गुडघे एकदम टेकल्यासारखा एकच मऊ आवाज. बस.

दुसऱ्या दिवशी तिकडे जाऊन आलेल्यांनी सांगितलं की सगळे ओळीनं आडवे झालेत, हात सरळ, डोळे मिटलेले, आणि त्यातला एकही पुन्हा उठला नाही. मी बघायला गेले नाही.

७

मी कडी काढली. जिना रिकामा दिसत होता, पण वळणावरचा कोपरा मला रिकामा वाटला नाही. मी पुढे, माझ्यामागे आक्का, त्यांच्यामागे लेखक. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"कुठे निघालीस?"

उतरणाऱ्याला ती कधी विचारत नसे.  खोटं बोलायचं सुचलंही नाही.

"समोर," मी म्हणाले. "धाकटीकडे. मुलगी झालीय तिला."

दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत मी उभी राहिले. तो आला नाही. अंधारात काहीतरी रुंदसं भिंतीला सरकलं आणि वाट मोकळी झाली. मी डोळे जमिनीवर ठेवून उतरले. शेजारून जाताना मला गरम श्वास लागला, एवढंच सांगते. आक्का मात्र तिथं थांबल्या. मी ऐकलं, त्या अगदी हळू म्हणाल्या, "येते हं मी." निघताना पाहुणी घरातल्या बाईला सांगते तसं. खाली आल्यावर त्यांचे डोळे भरले होते आणि पाठ मी कधी पाहिली नव्हती इतकी ताठ होती.

रस्ता ओलांडेपर्यंत प्रसूतिगृहाच्या आतून पलंग सरकवल्याचे आवाज यायला लागले. तडा गेलेलं दार नर्सनं उघडलं. तिच्यामागे धाकटी होती, केस विस्कटलेले, पाय अनवाणी. तिनं काही न बोलता बाळ माझ्या हातात दिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. 

मग म्हणाली, "ताई, पुढे चाललेले ते कोण होते गं?"

"का?"

"आमच्या खिडकीखाली थांबले. ही तेव्हा बेंबीच्या देठापासून ओरडत होती. मी हिचं तोंड दाबायला गेले, तर त्यांनी मान हलवली. नको म्हणाले."

"चेहरा पाहिलास?"

धाकटीनं बाळाच्या कापडाचं टोक नीट केलं. "पाहिला असेल," ती म्हणाली. "पण आठवत नाही."

माझ्या हातातलं गाठोडं हललं. भाचीनं तोंड उघडलं, चेहरा लालबुंद केला आणि असा टाहो फोडला की नर्सचा हात सवयीनं पुढे आला. तो अर्ध्यातच थांबला. तिनं तो खाली घेतला आणि हसायला लागली. आतून दुसरं बाळ सुरू झालं, मग तिसरं, मग अख्खं प्रसूतिगृह. समोरच्या घराची एक खिडकी उघडली. मग तिच्या शेजारची. कुणीतरी गच्चीवरून आपल्या भावाला हाका मारायला लागलं, लांबून भाऊ ओ देत होता. कुणी थाळी वाजवली. लेखक रस्त्याच्या मधोमध उभा राहून वेड्यासारखा टाळ्या वाजवत होता आणि त्या टाळ्या भिंतींवरून, उघड्या दारांतून, गल्ल्यांच्या टोकांवरून परत येत होत्या.

"शू म्हणू का हिला?" धाकटीनं विचारलं.

"नको," मी म्हणाले आणि पोरीला उंच धरलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.